नदीकाठी उंचावरचं घर बांधताय? आधी पाण्याची खूण शोधा, मग आखणीची फक्की मारा

हल्ली महिन्यातून दोन-तीन जण तरी मोबाईलवर समुद्रकाठच्या घराचा व्हिडिओ दाखवतात. खांबांवर उभं घर, खाली गाडी, वर हॉल-किचन, आणि म्हणतात जिभाऊ आपल्याला असंच करायचंय, गाव तापीच्या काठी आहे, दरवर्षी पाणी दारापर्यंत येतं. कल्पना चांगली आहे. पण व्हिडिओतलं घर वाळूवर उभं असतं, त्याला लाट आणि खारी हवा झेलायची असते. आपल्याकडे लाट नाही, खारी हवा नाही, पण काळी माती आहे जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि नाल्यातून उलटं चढणारं पाणी आहे. तिकडचं घर जसंच्या तसं इकडे उचलून आणलं की पैसे जातात आणि भिंतीला तडे पडतात ते वेगळेच.

मी गेली बरीच वर्षं अमळनेर-चोपडा-शिरपूर भागात घरांच्या साइट बघतोय. लोक कुठे चुकतात ते आता पाठ झालंय. पैसा कमी पडतो म्हणून कमी जण चुकतात, कामाचा क्रम उलटा होतो म्हणून जास्त चुकतात. आधी प्लॉट, मग खड्डे, मग जोतं, आणि स्लॅब पडायच्या वेळी आठवतं की अरे पाणी किती येतं ते विचारलंच नाही. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो पुढेमागे करू नका. काम दिवाळीनंतर सुरू करा आणि पाया-जोत्याचं काम मे संपायच्या आत जमिनीच्या वर काढा, हा एक नियम सगळ्या पायऱ्यांना लागू आहे.

१. पाण्याची खूण शोधा

गवंडी जोत्याची उंची विचारतो तेव्हा नव्वद टक्के मालक सांगतात "रस्त्यापासून तीन फूट". इथेच पहिली चूक होते, कारण रस्ता ही पक्की खूण नाहीच. दरवेळी डांबर किंवा काँक्रीट पडलं की तो वर येतो, आणि पुराच्या पाण्याला तुमच्या रस्त्याशी काही घेणंदेणं नसतं.

उंची मोजायची ती पुराच्या खुणेपासून. ही खूण कशी शोधायची तर गावठाणातल्या सगळ्यात जुन्या पाच-सहा घरांत जा, देवळात जा, मशिदीत जा, जुन्या शाळेत जा, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा. एका गावात आम्ही असेच फिरत होतो, धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरातल्या एका मायने आम्हाला आत नेलं आणि भिंतीतल्या दिव्याच्या देवळीवर हात ठेवून म्हणाली, "पानी या देवळीलगून उनं व्हतं भाऊ." देवळीच्या खाली मातीचा गिलावा गुळगुळीत आणि वर खरबरीत होता, रेघ अजून डोळ्याला दिसत होती. ज्याचा प्लॉट होता तो तोपर्यंत दोन फुटांचं जोतं धरून चालला होता, आणि ती रेघ त्याच्या प्लॉटच्या जमिनीपासून पाच फुटांवर निघाली.

एका माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका. कमीत कमी तीन खुणा घ्या, त्यातली एक प्लॉटच्या वरच्या अंगाला, म्हणजे नदी जिकडून येते तिकडे, आणि एक खालच्या अंगाला. नदीचं पाणी सपाट उभं राहत नाही, त्याला उतार असतो, त्यामुळे वरच्या गल्लीतली खूण आणि खालच्या गल्लीतली खूण वेगळी येणारच. तुमचा प्लॉट मधे असेल तर दोन्हीच्या मधला आकडा धरा, शंका असेल तर वरच्या अंगाचा धरा.

आता ती खूण प्लॉटवर आणायची. त्यासाठी पारदर्शक लेव्हल पाइप पुरतो, पण पाण्यात बुडबुडा राहिला की सगळं मोजमाप खोटं. पाइप भरल्यावर पूर्ण लांबी डोळ्याखालून घाला, दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरा, पाणी एका रेषेत आलं तरच पुढे जा. पाण्यात थोडं कुंकू किंवा नीळ टाकली की लांबून दिसतं. दहा-पंधरा मीटरच्या टप्प्याने खूण पुढे नेत प्लॉटवर आणा आणि शेजाऱ्याच्या पक्क्या भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर ऑइल पेंटने रेघ मारा. लाकडी खुंटीवर नको, ती पहिल्या आठवड्यात जेसीबीखाली जाते. अंतर जास्त असेल तर ऑटो लेव्हलवाल्याला (दुर्बिणीने पातळी मोजतो तो) एक दिवस बोलवा, पैसे वसूल होतात.

चेक: त्याच वाटेने उलटं मोजत परत पहिल्या खुणेवर या. फरक एका इंचापेक्षा जास्त निघाला तर पुन्हा करा.

२. पाणी येतं कुठून ते बघा

फक्त किती नाही, कुठून आणि किती वेगाने ते पण. आपल्याकडे तीन तऱ्हा आहेत.

पहिली तापीची. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, ते उघडले की खाली भुसावळपासून पाणी चढत जातं, पण त्याची आधी वर्दी मिळते, सामान हलवायला वेळ मिळतो.

दुसरी छोट्या नद्यांची, आणि ही जास्त घातकी. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं ते आठवा. डोंगरात पाऊस पडतो आणि बघता बघता पाणी गावात येतं, ते वेगाने येतं, सोबत झाडं, ओंडके, टपऱ्या, कधी गुरं घेऊन येतं. इथे घराला फक्त उंची नाही, धक्का सहन करायची ताकद पण लागते.

तिसरी तऱ्हा लोक हमखास विसरतात. मोठी नदी फुगली की तिला मिळणारा नाला किंवा उपनदी आपलं पाणी सोडू शकत नाही, ते मागे दाबलं जातं आणि नदीपासून लांब असलेल्या वस्तीत शिरतं. आमच्या भाषेत पाणी बॅक मारतं. "आमचा प्लॉट नदीपासून एवढा लांब" हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकलंय त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात नाल्यानेच पाणी घातलंय. प्लॉटजवळ नाला असेल तर त्याचं तोंड कुठे आहे तिथपर्यंत चालत जा.

पूररेषेचं पण इथेच बघून घ्या. पाटबंधारे खात्याने आखलेली निळी रेषा (साधारण पंचवीस वर्षांतून एकदाच्या पुराची) आणि लाल रेषा (शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची), ज्या गावांचा नकाशा आहे तिथे नगरपालिकेत किंवा नगररचना कार्यालयात बघायला मिळते. नदी आणि निळी रेषा यांच्या मधे नवं घर बांधता येत नाही. निळी आणि लाल रेषेच्या मधे परवानगी मिळू शकते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर पाहिजे. कोणी म्हणेल गुंठा स्वस्तात मिळतोय, निळ्या रेषेच्या आतला असला म्हणून काय झालं, कॉलम उंच करू. घेऊ नका. तिथे कितीही उंच कॉलम काढला तरी घर कायदेशीर होत नाही आणि रात्री बाहेर पडायला वाट राहत नाही.

इशारा: तापीच्या काठाला काही ठिकाणी गाळाची उंच दरड आणि खोऱ्या आहेत. वरून बघितलं तर वाटतं एवढ्या उंचीवर पाणी कधी येणार, पण पाणी खालून दरड खातं आणि काठच कोसळतो. अशा कडेला उंच घर नको आणि बुटकं पण नको, लांब सरका.

३. माती तपासा

इथे दोन दिवस घालवा, नंतरची दहा वर्षं वाचतील.

प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने खड्डा घ्या आणि काळी माती कुठे संपते, पिवळी कुठे लागते, मुरूम किती फुटांवर आहे ते टेपने मोजून लिहून ठेवा. शेजाऱ्याच्या विहिरीच्या कडेला पण थर दिसतात. काठालगतच्या गावांत काही ठिकाणी मुरूम लागतच नाही, खोलवर गाळच असतो.

माती किती फुगते ते घरी पण कळतं. मूठभर माती पूर्ण वाळवा, कुटून चहाच्या गाळणीने चाळा. दोन सारखे सरळ काचेचे ग्लास घ्या, दोन्हीत सारखी दोन-दोन चमचे माती, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून चोवीस तास हलवू नका. रॉकेलमधली माती फुगत नाही, पाण्यातली फुगते. दुसऱ्या दिवशी पट्टीने दोन्ही थरांची उंची मोजा. रॉकेलच्या ग्लासात २ सेंटीमीटर आणि पाण्याच्या ग्लासात ३ सेंटीमीटर भरली तर माती दीडपट झाली, म्हणजे ५० टक्के फुगली, आणि ही माती घर उचलणारी आहे असं समजा. प्रयोगशाळेत हीच चाचणी मापाच्या नळ्यांमधे नेमकी करतात. मोठं घर असेल तर तिथूनच रिपोर्ट घ्या, घरची चाचणी फक्त डोळे उघडायला.

उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती तुमच्या फुटिंगखाली (कॉलमच्या खालचा पसरट पाया) पण तेच करते.

४. उंची ठरवा, कागदावर बेरीज करून

आता आकडे आले, बेरीज करा. एक उदाहरण घेतो. समजा पुराची खूण प्लॉटच्या जमिनीपासून १.६० मीटर वर आहे. त्यावर ०.६० मीटर मोकळी उंची ठेवा, कारण आधीच्या पुरापेक्षा पुढचा मोठा येऊ शकतो आणि पाण्यावर तरंगणारा कचरा पण असतो. झालं २.२० मीटर. ही बीमच्या तळाची पातळी. फरशीची नाही! बरेच जण ही फरशीची धरतात, मग बीम पाण्यात येतो, ओंडका येऊन बीमवर आदळतो आणि पाणी स्लॅबला खालून ढकलतं. २.२० मधे बीम-स्लॅबची जाडी ०.४० आणि फरशी-मॉर्टरची ०.०८ मिळवा, फरशीची पातळी आली २.६८ मीटर, म्हणजे सुमारे ८ फूट ९ इंच.

बेरीज केल्यावर बीमखाली मोकळी उंची चार-पाच फुटांचीच निघत असेल तर मी सांगेन की दोन-अडीच फूट अजून वाढवा आणि माणूस ताठ उभा राहील एवढी करा. अर्धवट उंचीच्या जागेत कोणी झाडायला वाकत नाही, तिथे अडगळ, साप, विंचू आणि पाणी साचणं सुरू होतं.

चेक: बीमचा तळ, फरशी आणि पुराची खूण, या तीन रेघा नकाशाच्या उभ्या छेदावर लाल पेनाने मारून घ्या. इंजिनिअर आणि सेंट्रिंगवाला दोघांना तोच कागद द्या.

५. भराव की खांब

माझं मत स्पष्ट आहे. फरशी जमिनीपासून तीन फुटांच्या आत येत असेल तर भरीव जोतं करा. त्याच्या वर गेलं की खांब.

भराव स्वस्त वाटतो पण चार-पाच फुटांचा भराव म्हणजे डंपरमागून डंपर मुरूम, आणि तो भराव आतून जोत्याच्या भिंतीला बाहेर ढकलत राहतो. पुरात भराव भिजला की हा दाब वाढतो, आणि पाणी झपाट्याने उतरलं की बाहेरचा आधार जातो आणि आतला दाब तसाच राहतो, तेव्हा भिंत पोट काढते. शिवाय तुम्ही पूर्ण प्लॉट भरून उंच केला की पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं, आणि मग आयुष्यभराचं वैर.

भरावाचं जोतं करणारच असाल तर:

काळी माती भरावात अजिबात नको, खड्ड्यातून निघालेली "फुकट आहे" म्हणून पुन्हा आत टाकतात, ती टाकू देऊ नका. मुरूमच घ्या. सहा ते आठ इंचांचा थर, पाणी, धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर, मग पुढचा थर. पूर्ण तीन फूट एकदम टाकून वरून पाणी सोडलं की वरचा थर बसतो आणि खालचा पोकळ राहतो, फरशी दोन वर्षांत खचते. जोत्याच्या भिंतीला खालच्या बाजूला पाणी निघायला पाइपचे तुकडे ठेवा, पाठीमागे खडी. आणि पाणी जिकडून येतं त्या कोपऱ्याला दगडाचं पिचिंग करा, म्हणजे बाहेरून दगड बसवून घ्या, पाणी कोपराच आधी खातं.

६. पाया: काळ्या मातीत सगळ्यात जास्त चुका इथे

चार-पाच फूट खड्डा, त्यात फुटिंग, झालं, असं काळ्या मातीत चालत नाही. काळ्या मातीची फुगणं-आक्रसणं ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत असते. तुमचं फुटिंग त्या हलत्या थरात बसलं की घर दर पावसाळ्यात वर आणि दर उन्हाळ्यात खाली, आणि सगळे कॉलम सारखे हलत नाहीत म्हणून दाराच्या कोपऱ्यातून तिरके तडे.

मुरूम सहा-सात फुटांवर असेल तर सरळ मुरमात जा, फुटिंग मुरमात कमीत कमी फूटभर रुतलं पाहिजे. काळी माती खोल असेल तर अंडर-रीम पाइल करा. रुडकीच्या सीबीआरआय या सरकारी इमारत-संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी बसवली आहे. साडेतीन मीटर किंवा जास्त खोल गोल भोक, आणि तळाशी हत्याराने ते फुगवून कांद्यासारखा गोळा करायचा, गोळ्याचा व्यास भोकाच्या अडीचपट. म्हणजे ३०० मिलिमीटरचं भोक असेल तर खाली ७५० चा गोळा. तो गोळा खाली घट्ट राहतो, वरची माती फुगून पाइलला उचलायला बघते पण उचलू शकत नाही. ऑगरवाला (भोक पाडणारा) खरंच गोळा करतोय का ते तिथे उभं राहून बघा, हत्यार उघडून किती फिरवलं आणि किती बादल्या माती निघाली ते मोजा. गोळा दिसत नाही म्हणून तोच गाळला जातो. गाळाची वाळूमिश्रित माती असेल किंवा भोकात पाणी लागलं तर गोळा ढासळतो, तिथे इंजिनिअरला विचारल्याशिवाय काँक्रीट ओतू नका.

जमिनीलगतचा बीम मातीवर टेकवू नका. फुगणाऱ्या मातीत बीमखाली कमीत कमी ८० मिलिमीटर पोकळी ठेवायची असते, नाहीतर माती फुगते आणि बीमला खालून ढकलते. लोक उलट बीमखाली पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट) टाकून गच्च बसवतात, दिसायला छान, पण तेच घराला उचलतं.

पाण्याला वेग असेल तिथे खांबाभोवतीची माती धुपते, म्हणून पाया त्या धुपीच्या खाली पाहिजे आणि खांबाभोवती मोठा दगड पसरून ठेवा.

इशारा: खड्डे मारून ठेवायचे आणि काँक्रीट "पैसे आले की" असं करू नका. एका वळवाच्या पावसात खड्डे भरतात, तळाची माती लोण्यासारखी होते, आणि मग घाईत त्यावरच पीसीसी पडतं. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका साइटवर हेच झालं, मी नको म्हणालो पण ठाम राहिलो नाही. त्या घराचा एक कोपरा दुसऱ्याच वर्षी बसला, ते मला अजून लागतं.

७. कॉलम, रिंगा, काँक्रीट

उंच कॉलमचं घर म्हणजे वर वजन आणि खाली पोकळ पाय. पुरात चालतं, पण भूकंपात हेच सगळ्यात कमजोर ठिकाण. तापी-नर्मदेच्या खोऱ्यातून जमिनीच्या पोटात मोठी जुनी भेग जाते, धक्के बसत असतात, त्यामुळे "आपल्याकडे कुठे भूकंप" म्हणून सोडून देऊ नका. इंजिनिअरला स्पष्ट सांगा की खालचा मजला उघडा आहे, डिझाइन तसं करा.

साइटवर हे बघा:

भिंतीत लपावा म्हणून ९ इंचांचा कॉलम करतात. उंच उघड्या मजल्याला १२ इंचांपेक्षा कमी नको. रिंगांचे (उभ्या सळयांभोवतीच्या कड्यांचे) हूक ९० अंशात नुसते वाकवून सोडतात, ते १३५ अंशात आत काँक्रीटमधे वळवलेले पाहिजेत, नाहीतर धक्क्याला रिंग उघडते. बीम-कॉलमच्या सांध्याजवळ, वर आणि खाली, रिंगा ४ इंचांवर किंवा त्याहून जवळ, मधे थोड्या लांब चालतील. सळईचा जोड लोक जोत्याच्या लगेच वर घेतात कारण तिथे सोपं पडतं, पण ताण तिथेच जास्त असतो. जोड कॉलमच्या मधल्या भागात घ्या, आणि सगळ्या सळयांचा एकाच ठिकाणी नको.

काँक्रीट एम २५ ताकदीचं धरा. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला पाणी २५ लिटरच्या आसपास, वाळू ओली असेल तर अजून कमी. मिक्सरवाला पाइप लावून अंदाजे सोडतो, तिथे डबा मोजून द्या. कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर, फुटिंगला ५० मिलिमीटर, कॉलमला ४०, आणि त्यासाठी कव्हर ब्लॉकच, दगडाचे चिपे नाहीत. समुद्रकाठी खाऱ्या हवेमुळे एम ३० आणि ४५ मिलिमीटर कव्हर लागतं. कोकणात नातेवाईकाचं घर बांधत असाल तर हे आकडे वापरा, इथे गरज नाही.

आणि पाणी मारणं! एप्रिल-मे मधे आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, कॉलमवर सकाळी मारलेलं पाणी दहा वाजेपर्यंत उडून जातं. गोणपाट गुंडाळा, दोरीने बांधा, चौदा दिवस ओलं ठेवा. मजुराला सांगून विसरू नका, दुपारी स्वतः जाऊन हात लावून बघा.

घराची दिशा: लांब बाजू पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने ठेवा, आडवी नको. वास्तूवाल्याचं आणि पाण्याचं पटलं नाही तर मी पाण्याचं ऐकायला सांगतो.

८. खालची जागा उघडी राहू द्या

घर झालं, दोन वर्षं पूर आला नाही, आणि मग खाली भिंत घालून एक खोली काढायचा मोह होतो. कोणी दुकान काढतं, कोणी भाडेकरू ठेवतं. पुराच्या जागी खाली माणूस झोपायला ठेवू नका, एवढं हात जोडून सांगतो.

भिंतीने काय होतं ते आकड्यात बघा. ३ मीटर लांबीच्या भिंतीला एका बाजूने १ मीटर पाणी लागलं तर दीड टनाचा दाब. पाणी २ मीटर झालं तर ३ टन नाही, ६ टन. उंची दुप्पट, दाब चौपट, आणि हे उभ्या पाण्याचं, वाहत्याचं वेगळं. विटांची भिंत हे सहन करत नाही, आणि करत असेल तर सगळा धक्का कॉलमला देते.

काही बंद करायचंच असेल तर बांबूच्या ताट्या किंवा जाळी लावा. पक्की भिंत असेल तर पाणी आत-बाहेर होईल अशी भोकं ठेवा, दोन वेगवेगळ्या भिंतींना, जमिनीपासून एका फुटाच्या आत. माप अमेरिकेतल्या पूरविम्याच्या नियमातलं चांगलं आहे: प्रत्येक चौरस फूट जागेमागे एक चौरस इंच भोक. १० बाय १५ च्या खोलीला १५० चौरस इंच. कॉलमच्या मधे अर्धी भिंत कधीच नको, भूकंपात कॉलम त्या अर्ध्या उंचीवर तुटतो.

९. जिना, धान्य, गुरं

वरच्या उदाहरणात २.६८ मीटर चढायचं आहे, म्हणजे १६ पायऱ्या, प्रत्येक साडेसहा इंचांच्या जरा वर. आठ इंचांच्या पायऱ्या करून जागा वाचवू नका, आई-वडिलांचे गुडघे त्याची किंमत देतात. मधे एक लँडिंग घ्या, दोन्ही बाजूंना कठडा. जिना पाणी येतं त्याच्या उलट बाजूला ठेवा. रॅम्प हवा असेल तर १ ला १२ च्या उताराने तो ३२ मीटरच्या वर लांब होतो, बहुतेक प्लॉटवर बसत नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचा विचार आधीच करा.

धान्य. हे कोणी विचारत नाही. घराचा स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर वापराच्या वजनाला धरलेला असतो. गव्हाची मीटरभर उंच रास केली की साडेसातशे किलोच्या पुढे जातं. वरच्या खोलीत गहू-ज्वारी-मका ठेवणार असाल तर ती खोली कोणती ते डिझाइनच्या आधी सांगा. कापूस हलका, त्याची काळजी वजनाची नाही, आगीची, स्वयंपाकघराच्या भिंतीला लावू नका.

गुरांना वर नेता येत नाही. त्यांच्यासाठी प्लॉटच्या उंच कोपऱ्यात मुरमाचा वेगळा ओटा, बाजूने दगड रचलेला, ढोर चढेल असा पसरट उतार. आणि पुराच्या रात्री दावी सोडून ठेवायची, हे घरातल्या पोरांना पण माहीत पाहिजे.

१०. वीज, पाणी, संडास

मीटर, एमसीबी, इन्व्हर्टर, सगळं पुराच्या खुणेच्या वर. वायरिंग वरून खाली आणा. खालच्या दिव्यांना वेगळा एमसीबी, म्हणजे पाणी येताना खालची लाइन बंद करून वरचा उजेड ठेवता येतो. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावाच. मीटरच्या जागेसाठी महावितरणच्या लोकांशी आधी बोलून घ्या, रीडिंग घ्यायला पोहोचता आलं पाहिजे.

बोअरच्या केसिंगचं तोंड पुराच्या खुणेच्या वर काढा आणि टोपण घट्ट बसवा, नाहीतर पुराचं घाण पाणी सरळ बोअरमधे जातं आणि पुढे कित्येक दिवस तेच प्यायची वेळ येते.

जमिनीतली पाण्याची टाकी रिकामी असेल तर पुरात वर उचलली जाते. हजार लिटरची रिकामी टाकी म्हणजे टनभराची उचल. पावसाळ्यात ती भरलेलीच ठेवा. सेप्टिक टँकचं पण तसंच, वरचा स्लॅब जड करा, बाहेर जाणाऱ्या पाइपला एकतर्फी व्हॉल्व्ह आणि हवेचा पाइप खुणेच्या वर. खाली संडास करू नका. वरचा संडास पुराच्या पातळीच्या वर असतो म्हणून उलटं येत नाही, खालच्यात मात्र सगळं उफाळून येतं.

खाली उतरणारे पाइप कॉलमच्या मागच्या बाजूला, पाणी जिकडे जातं तिकडे. समोर लावले की पहिल्या ओंडक्याला तुटतात. गॅसचं सिलिंडर खाली ठेवत असाल तर साखळीने बांधा, ते पाण्यावर तरंगत जातं.

११. पहिल्या पावसाळ्यात काय बघायचं

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर घराभोवती फेरी मारा. खांबापाशी पाणी साचतंय का, छपराचं पाणी पायाजवळ पडतंय का. काळ्या मातीत पायालगत पाणी मुरणं हे पुराएवढंच वाईट, म्हणून भोवती तीन-चार फुटांचा उताराचा पट्टा करा आणि पन्हाळीचं पाणी लांब सोडा. पायालगत मोठी झाडं नकोत, निंब-पिंपळ उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढून घेतात आणि तेवढाच कोपरा खाली जातो.

तडा दिसला तर बुजवायची घाई करू नका. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा, दिवाळीत बघा, मे महिन्यात बघा. टोक पुढे गेलं असेल तर माती हलतेय, इंजिनिअरला बोलवा. तिथेच असेल तर गिलाव्याचा तडा आहे, पुट्टी लावा.

आणि पुराची जी रेघ तुम्ही ऑइल पेंटने मारली होती, ती आता तुमच्या स्वतःच्या कॉलमवर पण काढा, साल टाकून. त्याच्या खाली दर फुटाला एक आडवी पट्टी मारा. पाणी चढायला लागलं की जिन्यावरून टॉर्च मारून कळतं, तासाला किती चढतंय आणि निघायला किती वेळ आहे.